ड्रिलच्या दोन धारा

[शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. शटर अर्धं वर. आत पिलर ड्रिलिंग मशीनचा आवाज.]

कान सरावले की न बघताही कळतं, ड्रिल कापतंय की नुसतं रडतंय. आत्ता ते रडतंय. बिडाचं कास्टिंग टेबलावर बांधलंय, स्पिंडल फिरतोय, पोरगा हँडलला जवळजवळ लोंबकळतोय आणि भोक काही खाली जात नाही.

"रेटू नगंस रं. कापंना झालंय ते, घासतंय."

हे मामा. इथे सगळेच त्यांना मामा म्हणतात. मशीन बंद होतं. मामा ड्रिल काढून उजेडात धरतात आणि नखावरून हलकेच फिरवतात. ड्रिल नखावरून सटकलं. म्हणजे धार गेली.

[ड्रिलचं टोक, अगदी जवळून.]

ड्रिलचं टोक नीट पाहिलं, तर तिथे टोक असं नसतंच. मध्यावर एक छोटी आडवी धार असते आणि ती जवळपास काही कापत नाही. अगदी मध्यावर वेग शून्य, मग कापणार काय? ती धातू दाबून बाजूला सारते. हाताला जोर लागतो तो बराचसा हिच्यापायी. म्हणूनच मोठं भोक पाडायचं तर आधी लहान ड्रिल मारून घेतात, म्हणजे या आडव्या धारेला कामच उरत नाही. खरं काम दोन बाजूंच्या दोन धारा करतात. आणि अंगावरचे पिळाचे खोबण कापलेला माल वर आणून टाकतात, शिवाय कुलंटला, म्हणजे ड्रिल थंड ठेवणाऱ्या पाण्या-तेलाला, खाली उतरायला वाटही तीच.

या पिळाच्या ड्रिलचं पेटंट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीव्हन मोर्स यांनी १८६३ मध्ये मिळवलं. मोर्स हे नाव आपल्या कारखान्यांत रोज घेतलं जातं, 'मोर्स टेपर' म्हणून, म्हणजे स्पिंडलमध्ये घट्ट बसणारा ड्रिलचा निमुळता मागचा भाग. ते एका माणसाचं आडनाव आहे, हे मात्र फारसं कुणाच्या डोक्यात नसतं.

[ग्राइंडर सुरू होतो. ठिणग्या.]

मामांनी चष्मा चढवला. आता बोलणं बंद.

ड्रिल ग्राइंडरच्या फिरत्या दगडाला तिरकं लागतं, साधारण ५९ अंशांत. दोन्ही बाजू मिळून ११८. साध्या कामाच्या ड्रिलचा हाच कोन. कापणारी धार आडवी ठेवायची, दगडाला टेकवायची आणि शँक, म्हणजे ड्रिलची मागची दांडी, हलकेच खाली न्यायची. धारेच्या मागचा भाग थोडा उतरता घासला जातो, तो याच हालचालीत. हा उतार नसेल तर धार कितीही लखलखीत असो, तिच्या मागची पाठच धातूवर टेकते आणि ड्रिल नुसतं फिरत राहतं. सकाळी पोरानं स्वतः घासलेल्या ड्रिलचं नेमकं हेच झालं होतं. उतार जास्त झाला तर उलटा त्रास: धारेला आधार उरत नाही, तिचा टवका उडतो.

एक बाजू झाली, ड्रिल अर्धं फिरवलं, तितकाच वेळ, तितकाच दाब. मध्ये ड्रिल तापलं की मामा थांबतात. जवळच पाण्याचा डबा आहे, पण त्यात ते बुडवत नाहीत. हायस्पीड स्टील गरमागरम पाण्यात घातलं की धारेला बारीक तडे जाऊ शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पुढे काम करताना धार तुटते तेव्हा कळतात. जुन्या कार्बन स्टीलच्या ड्रिलला पाण्यात बुडवून बुडवूनच धार लावावी लागे, कारण निळं पडलं की ते नरम झालंच. ती सवय बऱ्याच हातांत अजून राहिली आहे.

कोन मोजायला गेज, म्हणजे तयार मापाची पट्टी, मिळतो. मामांच्या टेबलावर मात्र दोन षटकोनी नट पडलेत. ते बाजूला बाजू भिडवून ठेवले की मध्ये जी खाच होते, ती बरोबर १२० अंशांची. ११८ च्या ड्रिलला एवढा फरक चालतो. पण खाचेत कोन कळतो, दोन्ही धारांची लांबी नाही कळत. ती स्केलवर बघायची. एक धार लांब, एक आखूड झाली की मध्य सरकतो, आणि साडेआठ मिलिमीटरचं ड्रिल साडेआठपेक्षा मोठं भोक पाडून मोकळं होतं. त्यात १० चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवला की आटे उथळ पडतात, बोल्ट आवळताना सुटतात. तोवर कास्टिंग गिऱ्हाइकाकडे पोचलेलं असतं.

"आता पट्टीवर मार बघू."

[एम.एस.च्या, म्हणजे मऊ पोलादाच्या, भंगार पट्टीवर ड्रिल उतरतं. दोन्ही खोबणींतून दोन वेटोळी वर येतात.]

दोन चिपा, दोन्ही सारख्या जाडीच्या. एकाच बाजूनं चिप आली असती तर एकच धार राबतेय, दुसरी फुकट फिरतेय.

पट्टीसाठी पोरानं बेल्ट बदलून वेग बदलला होता, हे सांगायला हवं. पुलीवरचा बेल्ट बदलायला दोन मिनिटं लागतात, म्हणून कित्येक मशीनं वर्षभर एकाच वेगावर चालतात. १० चं हायस्पीड ड्रिल मऊ पोलादात मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास बरं चालतं. २० चं घेतलं तर ४०० पुरे. व्यास दुप्पट झाला की फेरे निम्मे, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी ड्रिलं जळायची वाचतील. स्टेनलेसला याहूनही हळू, पण फीड, म्हणजे ड्रिल खाली सरकवत राहणं, सोडायचा नाही. ड्रिल एका जागी घासत राहिलं की तिथला धातूच कडक होतो.

[परत बिडाचं कास्टिंग.]

बिडाला कुलंट नाही. त्याच्या पोटातलं ग्राफाइटच वंगणाचं काम करतं. वेटोळी निघत नाहीत, काळी भुकटी निघते. त्यात पाणी मिसळलं की राबडी होते आणि तीच धार खाते. भुकटी ब्रशनं झाडायची, हातानं नाही. पोराच्या हातात मोजे नाहीत, तेही मुद्दाम. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला तर तो एकटा जात नाही.

भोक आरपार होत आलं. पोरगा हँडलवरचा जोर आपणहून कमी करतो, कारण बाहेर पडताना ड्रिल झडप घालतं. मामा बघतात, काही बोलत नाहीत.

मशीन बंद. टॅप हातानं उतरतो. मग आट्यांचा गेज. माप बरोबर असेल तर त्याची 'गो'ची बाजू आत जाते, 'नो-गो'ची जात नाही. 'गो'ची बाजू शेवटपर्यंत फिरत गेली. 'नो-गो' तोंडाशीच अडली.

"मामा, बसलं."

"ड्रिल पूस आन् ठोकळ्यात ठिव. डब्यात टाकू नगंस, धारा एकमेकींवर आपटत्यात. अजून अकरा कास्टिंगं हाईत."