जाळ अन् धूर संगटच

(कोल्हापुरात विद्यार्थ्यांनी केलेला रॉक म्युझिक व्हिडिओ दाखवल्यानंतर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आत्ता तुम्ही पडद्यावर पाहिलंत ते गाणं चार मिनिटं दहा सेकंदांचं आहे. पोरांना ते करायला अडीच महिने लागले आणि त्यातला निम्मा वेळ भांडणात गेला. मी त्यांना संकलन शिकवतो, त्यामुळं प्रत्येक भांडण शेवटी माझ्या टेबलावर यायचं. आज त्या भांडणांबद्दलच बोलतो, कारण व्हिडिओबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं त्यातच आहे.

पहिल्याच बैठकीत पोरं म्हणाली, "सर, आम्हाला टिपिकल रॉक व्हिडिओ करायचा नाही. सगळं मोडायचं." म्हटलं, ठीक आहे, काय काय मोडणार ते फळ्यावर लिहा. लिहायला लागली. अंधारी जागा, मागून मारलेला लाइट, धूर, जमिनीलगत लावलेला कॅमेरा, घामानं निथळणारा गायक, केस झटकणारा बेसवाला, ठोक्याठोक्याला कट, सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, आला की तिच्या पट्टीवर पळणारी बोटं. आणि मधूनमधून दिसणारी एक मुलगी, जी कोण आहे आणि कुठं निघालीय हे कुणालाच माहीत नसतं. फळा भरला. मी विचारलं, हे सगळं पुसलं तर खाली काय उरतं? एक जण छाती काढून म्हणाला, "आमचं गाणं!" मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "रेडिओ." ती मुलगी पुढं या व्हिडिओची दिग्दर्शक झाली.

ती रेडिओ म्हणाली ते मला फार पटलं. फळ्यावर लिहिलेल्या असल्या ठरलेल्या गोष्टी म्हणजे संकेत, आणि संकेत ही प्रेक्षकाशी आधीच झालेली बोली, म्हणजे ठराव, असते. तमाशाला बसलेल्या माणसाला ठाऊक असतं की आधी गण होणार, मग गवळण, त्यात मावशी येणार, मग बतावणी आणि नंतर वग. मावशी आली म्हणून कुणी कंटाळत नाही. मावशी आज काय बोलते यासाठी तो थांबलेला असतो. सोंगाड्याला मोकळीक मिळते ती या ठरलेल्या चौकटीमुळंच. रॉकच्या व्हिडिओतला धूर म्हणजे आपला गण समजा. तो आला की बघणारा सावरून बसतो.

मग मोडणाऱ्यांनी मोडलं कसं? एकच उदाहरण देतो. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं आणि चारेक वर्षांत तिथल्या पोरासोरांना व्हिडिओत काय यायला पाहिजे ते पाठ झालं. त्याच सुमारास रिप्लेसमेंट्स नावाच्या बँडनं एक व्हिडिओ केला. कृष्णधवल. सुरुवातीला पडद्यावर नुसता एक स्पीकर. कॅमेरा हळूहळू मागं येतो, सोफ्यावर बसलेला माणूस दिसतो, तो सिगारेट ओढत गाणं ऐकतोय. बँड नाही, गिटार नाही, कुणाचं तोंड हलत नाही. शेवटी तो उठतो, स्पीकरला लाथ घालतो आणि जातो. हे आपल्या पोरांना प्रचंड आवडलं. "असंच करू या!" म्हटलं, करा, पण ती लाथ कुणाला बसली ते बघा. आत्ता बँड येईल, आत्ता येईल, अशी वाट बघणाऱ्या माणसाला ती बसली. तो वाट बघत होता कारण आधीच्या शेकडो व्हिडिओंनी त्याला ती सवय लावली होती. ज्याला ती सवयच नाही, त्याला तो व्हिडिओ म्हणजे कुणाच्या तरी घरातला स्पीकर.

आणि हे शिकायला अमेरिकेला जायचं कारण नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्या खाली गाड्या लावून आपण चहा पितो. इथं कोल्हापुरात मूकपट काढणारे बाबूराव पेंटर हे मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. राजवाडा, जंगल, रस्ता, सगळं कापडावर. तेव्हाचा सिनेमाही नाटकासारखे रंगवलेले पडदे मागं टांगून चालायचा. पडदे रंगवण्यात ज्यांचा हात कुणी धरला नसता, त्या पेंटरांनीच सिनेमात पडद्याच्या जागी माणूस वावरू शकेल असा सेट उभा केला. कॅमेरासुद्धा इथंच, स्वतः बनवलेला. १९२० च्या 'सैरंध्री'त बायकांची कामं बायकांनी केली. त्याच्या सात वर्षं आधी फाळक्यांना पुरुषांना लुगडी नेसवावी लागली होती. पण गोष्ट कुठली निवडली? कीचकवध. घरोघर माहीत असलेली, नाटक-कीर्तनातून घासूनपुसून आलेली. गोष्ट जुनी ठेवली आणि तिच्या मागचा पडदा काढला. मी पोरांना एवढंच म्हटलं, तुम्ही काय ठेवणार ते आधी सांगा.

शूटिंगसाठी उद्यमनगरातली एक फाउंड्री मिळाली, सुट्टीच्या दिवशी. काळी वाळू, लोखंडी पत्रे, क्रेनचे हूक. पोरं खूश, म्हणाली, "हे आपलं कोल्हापूर, हे काही टिपिकल नाही." इथं मी थोडा वाकड्यात शिरलो. अहो, गंजलेला कारखाना हा रॉकच्या व्हिडिओतला सगळ्यात घासलेला पडदा! पत्ता बदलला म्हणून संकेत बदलत नाही. मात्र ठेवा म्हटलं, तो पडदा चांगला आहे. फक्त आपण काही मोडलं असं मनात आणू नका.

मुलगी मात्र गेली. पांढरा ड्रेस घालून ती रंकाळ्याच्या काठानं चालणार होती. दिग्दर्शक मुलीनं सगळ्यांना विचारलं, ही कुठनं आली, कुठं निघाली, हिचं नाव काय? कुणालाच सांगता येईना. मग ती नाही, असं ठरलं. पाच मिनिटांत.

तांत्रिक भाग लांबवत नाही, पण एक हिशेब सांगतो, कारण त्यावर पोरांची एक अख्खी रात्र गेली. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके, म्हणजे सेकंदाला दोन. चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे २५ स्थिर चित्रांचं. मग एका ठोक्याला किती फ्रेम? साडेबारा. अर्धी फ्रेम जगात कुठं मिळत नाही. एकानं बारा-बारा फ्रेमचे तुकडे कापून एकापुढं एक लावले. पहिले चार ठोके झकास. सोळाव्या ठोक्यापर्यंत चित्र आठ फ्रेम पुढं पळालं, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश सेकंद. ड्रमरची काठी वर आणि आवाज खाली! पहाटे तीनला मला फोन, "सर, कॉम्प्युटर बिघडलाय." कॉम्प्युटर ठणठणीत होता. एक कट बाराला, पुढचा तेराला, असं करायला सांगितलं आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक म्हणाली, "सर, मग प्रत्येक ठोक्यावर कापायलाच पाहिजे का?" या प्रश्नासाठी ती रात्र वाया गेली असली तरी मला चालेल. कडव्यात त्यांनी ठोक्यावर कापलंय, ध्रुपदात दोन-दोन बार, म्हणजे आठ-आठ ठोके, एकच शॉट धरलाय. उलट करतात सगळे.

आता हलगी. गाण्याच्या शेवटच्या भागात हलगी आहे, हे तुम्ही ऐकलंत. या कल्पनेवर मी आधी चिडलो होतो. गेल्या काही वर्षांत मराठी रॉक म्हटलं की फेटा बांधलेला हलगीवाला स्लो मोशनमध्ये येतोच, मागं भंडारा उधळलेला. तोही आता संकेत झालाय, आणि मला विचाराल तर आळशी संकेत. हलगी कुठं वाजते? खासबागेत कुस्ती लागली की, लग्नाच्या वरातीत, देवाच्या पालखीपुढं. आणि हलगीवाला कुठं उभा असतो? कडेला. त्याच्या ठेक्यावर पैलवानाचं रक्त उसळतं, आणि फोटोत मात्र तो अर्धा कापलेला असतो. व्हिडिओतही त्याला तोंडी लावायलाच आणणार असाल तर आणू नका, असं मी म्हणालो. जरा जास्तच जोरात म्हणालो.

आमचे हलगीवाले मामा आले ते सकाळी दहाला. पावसाळ्याचे दिवस. त्यांचं काम शेवटी, म्हणून पोरांनी त्यांना कोपऱ्यात खुर्ची दिली आणि विसरली. ड्रमच्या आवाजात प्लेबॅक ऐकू येईना म्हणून झांजांना टेप लावणं चाललं होतं, स्मोक मशीन भाड्यानं आणलेलं ते एकदाच फुसकन वाजून बंद पडलं होतं, सगळ्यांची तोंडं उतरलेली. धुराशिवाय मागचा लाइट दिसत नाही, नुसता डोळ्यात जातो. चार वाजता मामांनी विचारलं, "माझं कवा हाय?" दिग्दर्शक म्हणाली, "मामा, आत्ताच घेऊ या, वाजवा." मामांनी बोटानं हलगीवर टिचकी मारली. फद्. ओल्या हवेनं कातडं सैल पडलेलं. म्हणाले, "पोरी, गार हलगी वाजत न्हाई. जाळ कर."

फाउंड्रीच्या वाळूवर पुठ्ठ्याचे तुकडे पेटवले. मामा उकिडवे बसले, हलगीचं कडं दोन्ही हातांत धरून जाळावर फिरवायला लागले. जवळ नेलं, लांब नेलं, उलटं केलं. कातड्याला कान लावून टिचकी मारली. पुन्हा जाळावर. ओला पुठ्ठा, त्याचा दाट पांढरा धूर वर चढला आणि मागच्या लाइटमध्ये शिरला. सकाळपासून जो लाइट मेला होता, त्याच्या सरळ पट्ट्या हवेत दिसायला लागल्या. गायक पोरगा ओरडला, "जाळ अन् धूर संगटच!" कोल्हापुरात हे कशालाही म्हणतात, पण त्या दिवशी ते शब्दशः होतं.

कॅमेरा चालू होता. कुणी चालू ठेवला यावर अजून वाद आहे. चित्र मिळालं ते असं: मामांचे हात, कडं, कातडं, जाळ. मधेच एकदा ते कॅमेऱ्याकडं बघतात आणि पुन्हा कामाला लागतात. सलग चोवीस सेकंदांहून जरा जास्तच. चोवीस सेकंद म्हणजे या लयीत बारा बार, आणि गिटारचा सोलो बरोबर बारा बारांचा.

संकलनाच्या टेबलावर दिग्दर्शक मुलीनं सोलोवर तो शॉट ठेवला. कट नाही, बोटं नाहीत, गिटार नाही. सोलो चढत जातो आणि आपण एका माणसाला हलगी तापवताना बघतो. शेवटच्या स्वरावर मामा टिचकी मारतात, टण्ण, आणि पुढच्या ठोक्याला हलगी सुरू. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं सगळं चिडणं उतरलं. फळ्यावरच्या यादीतलं जवळपास सगळं त्या व्हिडिओत आहे: अंधार आहे, घाम आहे, कारखाना आहे, धूरही आहे, पण तो कुठून येतो ते दिसतं. मोडलंय ते एकच, सोलोतली बोटं. सोलो आला की बघणारा बोटांची वाट बघतो. त्याच्या त्या वाट बघण्यात त्यांनी मामांची वाट बघणं बसवलं. कडेला बसलेला माणूस मधे आला, आणि तोही वाजवताना नव्हे, वाजवायच्या तयारीत.

दोन गोष्टी चुकल्यात, त्याही सांगतो. त्या शॉटच्या आधी एक स्लो मोशनचा तुकडा आहे. तो ५० फ्रेमला घेतला, गाणं दुप्पट वेगानं वाजवून. गायकाला दुप्पट वेगानं तोंड हलवावं लागलं आणि त्याला हसू फुटलं. ते हसू तुकड्यात राहिलंय. कुणाला गोड वाटतं, मला खटकतं. दुसरी चूक जास्त गंभीर. मामांना ठरलेले पैसे एका तासाचे होते आणि ते सात तास बसले. ते ऐन वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर पोरं घरी जाऊन देऊन आली. पण आधी ठरवायला हवं होतं, आणि ते पोरांना सांगायचं काम माझं होतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. गिटारवाल्याचं काय? तीन महिने बोटं सोलेपर्यंत सोलो बसवला आणि व्हिडिओत तो तिथं दिसतच नाही. तो चार दिवस बोलला नाही. तो आज इथं आहे, तिसऱ्या रांगेत, आणि त्याला विचारूनच हे सांगतोय. तो म्हणाला होता, "सर, तुम्ही म्हणता संकेत म्हणजे बोली. मग माझ्याशी झालेल्या बोलीचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

त्यानं नंतर एक काम केलं. त्याच दिवसाच्या चित्रीकरणातून फक्त सोलोची स्वतःची आवृत्ती कापली. कॅमेरा जमिनीलगत, बोटं, तारा, घाम, सगळं ठोक्यावर, एक बारा, एक तेरा. अगदी नेमकी. आता तीही दाखवतो, लाइट बंद करा जरा. पंधराव्या सेकंदाला त्याच्या खांद्यामागं बघा, धूर येतोय. पण कुठून येतोय ते यात कळत नाही.