जकातवाल्यांची वाट

मंडळी, समोर बसलेले बहुतेक जण सह्याद्रीत भटकणारे दिसताहेत, म्हणून आधीच सांगून टाकतो. आज ज्या वाटेबद्दल बोलायचंय तिला शिखर नाही. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत अटलांटिकमध्ये घुसलाय, त्याच्या काठाकाठाने ही वाट जाते. तिच्यावरचा सगळ्यात उंच कडा प्लुआ गावाजवळ आहे, उंची १०४ मीटर. आपल्याकडे याला कुणी टेकाडही म्हणणार नाही. पण दिवसभरात अशी पंचवीस टेकाडं चढून उतरलं की संध्याकाळी गुडघे बोलायला लागतात.

वाटेचं नाव जीआर ३४. हा जीआर सरकारी आदेश नव्हे, फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या पायवाटांना जीआर म्हणतात. लांबी दोन हजार किलोमीटरच्या वर. माँ-सँ-मिशेलपासून सँ-नाझेरपर्यंत. गंमत अशी की ब्रिटनीच्या या सगळ्यात लाडक्या वाटेची दोन्ही टोकं आजच्या सरकारी नकाशावर ब्रिटनीत नाहीत. माँ-सँ-मिशेल नॉर्मंडीत. सरहद्दीवरच्या कुएनाँ नदीला वेड लागलं आणि ती माँ-सँ-मिशेलचा डोंगर नॉर्मंडीला देऊन बसली, असं ब्रेतों, म्हणजे ब्रिटनीचे लोक म्हणतात. सँ-नाझेरचा भाग १९४१ साली व्हिशी सरकारने, म्हणजे महायुद्धात जर्मनांशी जुळवून घेतलेल्या फ्रेंच सरकारने, तोडला, तो अजून परत आलेला नाही. हा विषय तिथे जेवणाच्या टेबलावर काढू नका, जेवण गार होतं.

वाट पाडली कुणी? फिरायला जाणाऱ्यांनी नव्हे. जकातवाल्यांनी. लोक आजही तिला तेच म्हणतात, जकातवाल्यांची वाट. राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये राष्ट्रीय जकात खातं उभं राहिलं आणि त्याचे शिपाई किनाऱ्यावर गस्त घालू लागले. इंग्लंड समोरच. तंबाखू, कापड, दारू, काय वाटेल ते रात्री होडीतून उतरायचं. शिवाय एखादं जहाज खडकावर फुटलं की गावकरी माल उचलायला धावायचे, त्यांच्यावरही नजर ठेवायची. प्रत्येक खाच, प्रत्येक कोनाडा दिसला पाहिजे म्हणून वाट पाण्याला चिकटून गेली. आज आपल्याला जो सुंदर देखावा वाटतो तो त्यांच्या नोकरीचा भाग होता. पाठीवर घडीची खाट घेऊन हे शिपाई दोघादोघांनी निघायचे. एकाने डुलकी काढायची, दुसऱ्याने जागायचं. कड्यांच्या टोकाला त्यांच्या दगडी चौक्या अजून उभ्या आहेत. पावसात मी अशाच एका चौकीत दोन तास काढले. खिडकी इतकी बारीक की डोकं बाहेर निघत नाही, पण समुद्र सगळा दिसतो.

यात आपलाही एक धागा आहे. दक्षिण किनाऱ्यावर लोरियाँ नावाचं बंदर आहे. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी १६६६ मध्ये वसलेलं, नावाचा अर्थच 'पूर्व'. भारतातलं छापील सुती कापड फ्रान्समध्ये इतकं लोकप्रिय झालं की तिथल्या विणकरांनी ओरड केली आणि १६८६ मध्ये राजाने त्यावर बंदी घातली. ती ७३ वर्षं टिकली. बंदी आली म्हणजे काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको! जहाजावरचे खलाशीच चोरून कापड उतरवू लागले.

विसाव्या शतकात या गस्ती थांबल्या आणि वाटेवर काटेरी पिवळ्या फुलांची झुडपं माजली. अधेमधे बंगलेवाल्यांनी कुंपणं पुढे सरकवली. १९६८ मध्ये लान्यों शहराच्या बाजूचा पहिला तुकडा चालणाऱ्यांसाठी पुन्हा मोकळा झाला, दगडांवर आणि खांबांवर वाट दाखवणारा पांढरा-तांबडा पट्टा आला. पण खरा बदल कायद्याने केला. समुद्राची पुळण तिथे १६८१ पासून सरकारची आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीचं पाणी जिथवर येतं तिथवर कुणाची मालकी नाही, असं त्या जुन्या फर्मानात म्हटलंय. ३१ डिसेंबर १९७६ च्या कायद्याने त्याच्या मागची खासगी जमीनही तीन मीटर रुंदीपुरती पायी चालणाऱ्याला मोकळी केली. मालकी तुमची, चालण्याचा हक्क सगळ्यांचा. सायकल नाही, घोडा नाही, फक्त पाय. आधीपासूनच्या घरांच्या पंधरा मीटरच्या आत वाट नको अशी सूट मिळाली, म्हणून काही ठिकाणी वाट अचानक डांबरी रस्त्यावर येते आणि एका लांबलचक भिंतीला वळसा घालते. अशी भिंत आली की ओळखायचं, आत कुणीतरी चांगला वकील ठेवलेला आहे.

मी ही वाट सलग केलेली नाही. तीन उन्हाळ्यांत मिळून चारशेएक किलोमीटर झाले असतील. सगळ्यात जास्त शिव्या मी वायव्येकडच्या खाड्यांना दिल्या. तिथे खाडीला आबेर म्हणतात. समोरच्या काठावरचं घर दिसतं, दोरीवरचे कपडे दिसतात, बाईने हाक मारली तर ऐकू येईल. आणि पलीकडे नेणारी होडी नाही. मग आत पूल असेल तिथवर जायचं, पलीकडून परत यायचं, संध्याकाळी तेच कपडे दुसऱ्या बाजूने बघायचे. ते तोवर वाळलेले असतात.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिशात हवंच. माँ-सँ-मिशेलच्या उपसागरात पाण्याच्या पातळीत चौदा मीटरपर्यंत फरक पडतो. प्रत्येक भरतीला वीस ते एकशे वीसच्या दरम्यान एक अंक देतात, तो शंभरच्या वर गेला की अख्खं गाव बादल्या घेऊन शिंपल्या गोळा करायला ओहोटीत उतरतं. तिथे पंचांगासारखं हेच पाहतात.

त्या प्लुआच्या कड्याखाली एक छोटी पुळण आहे. १९४४ मध्ये, जर्मन पहारे आणि सुरुंग चुकवत, जर्मनांनी पाडलेल्या विमानांतल्या सव्वाशेहून अधिक दोस्त वैमानिकांना इथल्या गावकऱ्यांनी रात्री इथून इंग्लंडच्या बोटींवर चढवलं. अंधारात, पायवाटेने, एकामागे एक. मी ते उतरण दिवसा उतरलो तेव्हा दोनदा घसरलो.

आता थोडं आत येऊ, कारण लोक फक्त किनारा बघून परततात. ब्रेतों लोक आपल्या मुलखाचे दोन भाग करतात: आर्मोर म्हणजे समुद्राकाठचा, आर्गोआत म्हणजे आतला, रानाचा. आत शेताशेतांमध्ये मातीचे उंच बांध, त्यावर ओक, आणि दोन बांधांमधून खोल गेलेली सावलीची वाट. मला पहिल्यांदा ती दिसली तेव्हा तोंडातून शब्द निघाला, पाणंद! दुसरा शब्दच नाही. शतकानुशतकं गाड्यांनी आणि गुरांनी खाली खाली नेलेली पाणंद. १९६० आणि ७० च्या दशकांत सरकारने शेतांचं एकत्रीकरण केलं, ट्रॅक्टर फिरावेत म्हणून बुलडोझरने बांध सपाट केले आणि हजारो किलोमीटर पाणंदी त्याबरोबर गेल्या. किनाऱ्याच्या वाटेला तीन मीटरचा कायदा मिळाला. पाणंदीच्या बाजूने कायदा नव्हता.

आणि किनारा नि आतली शेतं हे दोन वेगळे विषय नाहीत. बांध गेले तसं पावसाचं पाणी शेतातून सरळ ओढ्यात जाऊ लागलं. त्याच काळात डुकरांचे गोठे वाढले, खतं वाढली. ते नायट्रेट उतरतं सँ-ब्रियच्या उपसागरात, आणि उन्हाळ्यात पुळणीवर हिरव्या शेवाळाचा थर साचतो. तो कुजला की विषारी वायू सुटतो. २०११ च्या जुलैमध्ये तिथल्या एका नदीच्या मुखाशी ३६ रानडुकरं मेलेली सापडली. मी गेलो तेव्हा पुळणीकडे उतरणारी वाट बंद होती, पाटी लावलेली होती. वर गव्हाची शेतं, सपाट, एकही झाड नाही. आता सरकारी पैशांतूनच पुन्हा बांध घालणं, झाडं लावणं चालू आहे. पण तीनशे वर्षांचा बांध तीन वर्षांत कसा होणार?

शेवटी नेहमीचा प्रश्न: किती दिवस लागतात? रोज बावीस-पंचवीस किलोमीटर धरले तर जीआर ३४ ला तीन महिने. तेवढी सुट्टी नसेल तर जुनी यात्रा आहे, ट्रो ब्रेझ, म्हणजे ब्रिटनीची प्रदक्षिणा. सात संतांची सात गावं, सुमारे सहाशे किलोमीटर. १९९४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. दर उन्हाळ्यात एक आठवडा, एक टप्पा. तिच्याबद्दल जुनी समजूत अशी की जिवंतपणी जो करणार नाही त्याला ती मेल्यावर करावी लागते, आणि दर सात वर्षांनी तो आपल्या शवपेटीच्या लांबीएवढाच पुढे सरकतो. पेटी दोन मीटरची धरून मी गाडीत बसल्याबसल्या हिशेब केला. एकवीस लाख वर्षं होतात.

मी सातांपैकी दोनच गावं केली आहेत. विचारा काय विचारायचं ते.