लॉटरी लागलेलं अक्षर

[पडदाभर एकच अक्षर : इंग्रजी लहान ‘एन’. काळंभोर, तिरपं.]

दोन खांब. इतके जाड, की मधली फट बिचारी अंग चोरून उभी. पण एका खांबाकडून दुसऱ्याकडे जाणारी रेघ पाहा, केसाएवढी. आणि सगळं अक्षर उजवीकडे कललेलं. पोट सुटलेल्या माणसाने बस पकडायला धाव घ्यावी तसं.

या घराण्याचं नाव ‘फॅट फेस’. जन्म लंडनचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तोवर छापखान्यातले खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, घडायचे ते मुख्यतः पुस्तकांसाठी. तिरपं अक्षरही पुस्तकातूनच आलेलं. 1501 साली व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिओ या मुद्रकाने रोमन कवी व्हर्जिलच्या, हातात मावेल अशा छोट्या पुस्तकासाठी ते वापरलं. सडपातळ, हळू आवाजात बोलणारं.

लंडनच्या भिंतींवर हळू बोलून भागत नव्हतं. नाटकं, लिलाव आणि सरकारी लॉटरी, सगळ्यांची जाहिरात एकाच भिंतीवर. रस्त्यापलीकडून दिसायचं तर अक्षराला वजन हवं. फॅन स्ट्रीटवरच्या टाइप फाउंड्रीचा, म्हणजे खिळे ओतण्याच्या कारखान्याचा मालक रॉबर्ट थॉर्न याने ते दिलं. निदान त्याच्या काळातल्या जाणकारांनी श्रेय त्यालाच दिलं.

1820 साली थॉर्न वारला. फाउंड्री विकायला निघाली आणि ती घेतली विल्यम थॉरोगुड नावाच्या, या धंद्यात अगदी नवख्या गृहस्थाने. पैसा कुठला? लॉटरीत लागलेला, असं सांगतात. विसाव्या शतकात शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक कंपनीने हे वळण पुन्हा बाजारात आणलं, तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘थॉरोगुड’. घडवलं एकाने, नाव तिकीट लागलेल्याचं! हे मला अजून खटकतं.

[कॅमेरा अक्षराच्या टोकांवर.]

आता जवळून. काही रेघांच्या टोकाला हा वाटाणा, शाईचा थेंब ओघळता ओघळता थांबलेला. जाड-बारीकचा हा खेळ आपल्या बोरूचा नव्हे. बोरूची जाडी त्याच्या कापातून येते. इथल्या जाडीच्या मुळाशी आहे टोकदार, लवचिक निबवर दिलेला दाब. आणि इथला तिरपेपणा म्हणजे सरळ अक्षराला दिलेला धक्का नाही. लहान ‘ए’ तिरपा होताना आपला आकारच बदलतो. संगणकावर आपण देवनागरीला ‘इटॅलिक’ करतो तेव्हा मात्र बहुतेक वेळा फक्त धक्काच देतो. शिरोरेषा जागच्या जागी, आणि खालची अक्षरं घसरलेली.

शिशाच्या खिळ्यात हे वळण नाजूक प्रकरण होतं. तिरप्या ‘एफ’चं डोकं खिळ्याबाहेर लोंबायचं, दाबाखाली तुटायचं. केसासारख्या रेघा आधी झिजायच्या. आकार लहान केला, तर पोटातली पोकळी शाईने बुजायची. म्हणून याची जागा ठरलेली : पोस्टर, मासिकाचं शीर्षक, बाटलीवरचं लेबल. दोन-चार शब्द, बस्स.

तुमच्या वर्डमध्ये कदाचित ‘एलिफंट’ नावाचा फॉन्ट असेल. मॅथ्यू कार्टर यांनी 1992 साली तो केला, थॉर्नच्याच काळातल्या व्हिन्सेंट फिगिन्सच्या जाड अक्षरांवरून. त्याचं इटॅलिक निवडा. 10 पॉइंटात परिच्छेदभर इंग्रजी मजकूर टाका : नुसती काजळी. आता सगळं पुसून एकच शब्द ठेवा, आकार 96 करा, आणि खुर्ची चार हात मागे घ्या.