काट्यावरचे दीडशे किलो

[दृश्य: वजनकाटा. रिकामी गाडी चढते आहे.]

भंगाराची गाडी टेअरसाठी, म्हणजे रिकामं वजन नोंदवायला, काट्यावर आली आहे. केबिनमध्ये ड्रायव्हर, क्लीनर आणि आणखी एक जण. हौद्यात पाण्याचा ड्रम. काट्याच्या खोलीत यातलं काही दिसत नाही, तिथे फक्त आकडा दिसतो. वजन नोंदलं जातं, गाडी शेडकडे वळते. वाटेत माणसं उतरतात, ड्रम ओतला जातो, मग टर्निंग, म्हणजे मशीनवर निघणारा धातूचा कीस, भरलं जातं. भरलेल्या वजनातून हे फुगवलेलं टेअर वजा होतं आणि दीडशे किलो माल बिलात येतच नाही.

किलोला 30 रुपये धरले तर खेपेला 4,500. आठवड्याला एक खेप, म्हणजे वर्षाला 2,34,000. कुलूप तुटलेलं नाही, गेटपासवर रीतसर सही आहे.

चाकण, भोसरी, वाळूजच्या मशीन शॉपमधून असं टर्निंग रोज निघतं. सुरक्षेवरच्या खर्चाचा हिशोब मांडायचा तर तो इथून, काट्यापासून मांडावा. मुख्य दरवाजावरचा चकचकीत फ्लॅप बॅरिअर पाहुण्यांना आवडतो, पण पैसा इथून जातो.

[दृश्य: खांबावरचे दोन कॅमेरे, मग वजनाची पावती.]

काट्याला दोन कॅमेरे पुरतात. एक समोरून, नंबरप्लेट आणि केबिन टिपणारा. दुसरा उंचावरून थेट हौद्यात बघणारा. दोन्ही वजनाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे. वजन सेव्ह झालं की दोन्ही फोटो पावतीवर आले पाहिजेत. त्याच नंबरच्या गाडीचं मागचं टेअर सॉफ्टवेअर आपणहून ताडून बघतं. फरकाची मर्यादा 50 किलो ठेवली तर रोज भांडणं होतील, कारण शंभर लिटर डिझेलच 80 किलोंच्या वर भरतं. 100 किलो ठेवा, आणि त्यापुढे पावती अडू द्या.

आता साठवण. फसतं ते बहुतेक इथेच. सेकंदाला 2 मेगाबिटने रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी खातो. सोळा कॅमेरे म्हणजे सुमारे 346 जीबी. एनव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रात, 4 टीबीची डिस्क असेल तर साडेअकरा दिवसांत जुन्यावर नवं चढायला लागतं. स्टॉक मोजला जातो महिनाअखेरीला, तूट कळते पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. तोवर हवा तो दिवस पुसला गेलेला असतो. पंचेचाळीस दिवस हवेत तर 8 टीबीच्या दोन डिस्क लागतात, त्याही जेमतेम. कँटीन आणि पार्किंगच्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचा वेग उतरवला की थोडी जागा सुटते.

[दृश्य: पडद्यावर मोठा केलेला, धूसर चेहरा.]

अनोळखी माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा तर चित्रात मीटरमागे 250 पिक्सेल हवेत. 4 मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी 2,560 पिक्सेल, म्हणजे साधारण दहा मीटर. 2.8 मिलिमीटरची लेन्स चार-सव्वाचार मीटरवरच एवढी रुंदी व्यापते. त्यापलीकडे माणूस दिसतो, ओळखू येत नाही. तरीही अख्खं आवार एका कॅमेऱ्यात बसवायचा मोह कुणाला सुटत नाही.

आणि घड्याळ. एनव्हीआरला इंटरनेट नाही, आतला बटन सेल संपलेला. वीज गेली की वेळ मागे जाते. काट्याची पावती सांगते 3:10, कॅमेरा सांगतो 2:47. सगळ्या यंत्रांनी वेळ एकाच ठिकाणाहून घेतली पाहिजे, मग तो कारखान्यातला सर्व्हर का असेना.

जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा वाद असाच वेळेवर अडला होता: अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर? चित्रीकरण होतं. 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ यंत्राऐवजी चित्रीकरणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर ती कशी काढली ते सांगणारं प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली येतं. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहावा लागतो. म्हणून पेनड्राइव्हवर उतरवलं की लगेच हॅश काढा. मोबाइलने पडद्याचं शूटिंग करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तुकडा वकिलाच्या फारसा कामाचा नाही.

[दृश्य: स्टोअरचं दार. वर चुंबकी कुलूप.]

हे कुलूप 280 किलोंचा ताण धरतं, पण वीज असेपर्यंतच. अर्धा अँपिअर खाणाऱ्या कुलपाला 7 अँपिअर-तासांची नवी बॅटरी कागदावर चौदा तास पुरते, दोन वर्षांची थकलेली तीन तासही नाही. गुरुवारच्या सुट्टीत वीज गेली की तांब्याच्या तारांचं स्टोअर सताड उघडं. बाहेर पडायच्या दारांना मात्र हेच कुलूप योग्य, कारण आगीत ते सुटलंच पाहिजे. फायर अलार्मची रिले, म्हणजे अलार्म वाजताच वीज तोडणारा स्विच, त्याला जोडलेली हवी. स्टोअरला वीज गेल्यावर बंदच राहणारं आणि आतून हँडलने उघडणारं कुलूप बसवा.

[दृश्य: सुपरवायझर एनव्हीआरसमोर बसला आहे.]

महिन्यातून एकदा एवढं करून बघा. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेची, सव्वातीनच्या सुमाराची काट्यावरची गाडी मागा. नंबर, हौदा आणि पावती, तिन्ही एकाच वेळेची. किती मिनिटं लागली ते रजिस्टरला लिहून ठेवा.