कोंबडीचा कूलर जुलैत चालत नाही

नागपूरकराला उकाडा काय ते वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला तरी आपण वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोर दुपार काढतो. तोच कूलर जुलैत लावून बघा. पारा 34 वरच, पण अंग चिकचिकतं, चादर ओलसर लागते. शेवटी घरातलं कुणीतरी उठतं, कूलरची मोटर बंद करतं आणि नुसता पंखा ठेवतं. एवढं ज्याला कळलं त्याला खुराड्याची हवा अर्धी कळली. कारण कोंबडी आतून कूलरच आहे.

तिला घामाच्या ग्रंथीच नाहीत. अंगाचं तापमान मुळात 41 ते 42 अंश. गरम झालं की ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून सैल सोडते. धापेबरोबर आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि वाफ उष्णता घेऊन जाते. हवाच ओली असली की ही धाप बरीचशी वाया. शिवाय धापेत कार्बन डायऑक्साइडही उडून जातो, तोच अंड्याच्या कवचाला लागतो. उकाड्यात अंडं उचलताना बोट आत जातं ना, ते यामुळे.

मी हे चार कोंबड्या गमावून शिकलो. हुडकेश्वरकडे राहायला गेलो तेव्हा परसात बारा कोंबड्यांचं खुराडं बांधलं. वर टिन, तीन बाजूंना विटा, समोर जाळीचं दार. सापामुंगसाच्या भीतीनं खिडकी ठेवली नाही. ओली गोणपाटं टाकून नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, कसाबसा काढला. मग मृगाचा पाऊस आला. झड आत जाऊ नये म्हणून दारावर ताडपत्री आवळून बांधली आणि समाधानानं झोपलो. सकाळी चार मेलेल्या. जखम नाही, पिसं विस्कटलेली नाहीत, फक्त चोची उघड्या. बायको म्हणाली, "पावसानं नाही, तुमच्या ताडपत्रीनं मेल्या." तिचंच खरं होतं.

आता बांधकामाचं. एका तोंडानं हवा खेळत नाही. आलेल्या हवेला जायलाही वाट लागते. खुराडं पूर्व-पश्चिम लांब ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आखूड भिंतींवर पडेल. लांबीच्या दोन्ही बाजूंना दीड फूट भिंत आणि तिच्यावर छपरापर्यंत जाळी. जाळी अर्ध्या इंचाच्या भोकांची, जाड तारेची घ्या. बाजारात षटकोनी भोकांची 'कोंबडी जाळी' मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. नाव उगाच मोठं! छपराच्या माथ्यावर चार इंचांची फट सोडून तिच्यावर पत्र्याची टोपी बसवा. तापलेली हवा वर चढते, ती तिथून निघून जाते. वळचण दोन-तीन फूट बाहेर काढा, म्हणजे ताडपत्रीची आठवणच होणार नाही. पत्र्यावर चुना मारा.

पण एकच उपाय वर्षभर लावू नका. मेच्या दुपारी 45 अंशांची हवा कोंबडीच्या अंगापेक्षा गरम असते. ती कितीही वाहिली तरी कोंबडीला तापवतेच. म्हणून लू येते त्या बाजूला ओलं गोणपाट सोडा, समोरची बाजू मोकळी ठेवा. रात्री सगळं उघडं. जुलैत नेमकं उलट. गोणपाट काढा, फवारे बंद करा, दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा. पाण्यानं भागत नाही तिथे वाराच कामाचा. तुरा, गळ्याखाली लोंबणाऱ्या लोळ्या आणि पंखांखालची उघडी कातडी, तिथून ऊब वाऱ्याबरोबर निघून जाते. कोंबड्या दाटीनं ठेवल्यात तर मधल्यांना तो वाराही मिळत नाही.

एका ताईंनी मघाशी विचारलं, थंडीत सगळं बंद करू का? नको. रात्री बसतात त्या दांडीच्या पातळीवर वारा अडवा, माथ्याची फट मात्र बुजवू नका. विष्ठेतला ओलावा आणि अमोनिया थंडीतही निघतच असतो. खात्री करायची तर पहाटे आत उकिडवं बसा, नाक कोंबडीच्या उंचीला आणा. डोळे चुरचुरले तर खाली अंथरलेला तूस बदला. मग दांडीपाशी अगरबत्ती धरा. धूर फटीकडे गेला तर ठीक. तिथेच घुटमळला तर पत्रा कापायला माणूस बोलवा.