तांबड्या समुद्रातली मोटरसायकल

[दृश्य: टेबलावर पांढरा कागद, त्यावर प्लास्टिकची छोटी मोटरसायकल. शेजारी चिमटा आणि मोजपट्टी.]

ही बीएसए कंपनीची एम-२० मोटरसायकल. मोजपट्टीवर सहा सेंटिमीटर. खरी गाडी हिच्या पस्तीस पट, म्हणजे दोन मीटरच्या थोडी वर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे निरोपे हिच्यावरून फिरायचे. पण यातल्या काही गाड्या आघाडीवर कधी पोचल्याच नाहीत. इजिप्तच्या किनाऱ्याजवळ, तांबड्या समुद्राच्या तळाशी, त्या अजून ट्रकच्या पाठीवर ओळीनं उभ्या आहेत.

या फिल्ममध्ये आपण त्याच गाड्या, त्यांच्या भोवतीच्या पाण्यासकट, टेबलावर उभ्या करणार आहोत.

[दृश्य: नकाशा. ग्लासगोपासून आफ्रिकेला वळसा घालून तांबड्या समुद्रापर्यंत सरकणारी रेघ.]

जहाजाचं नाव थिसलगॉर्म. इंग्लंडमधल्या संडरलँडला बांधलेलं, १९४० मध्ये पाण्यात उतरवलेलं, सुमारे १२६ मीटर लांबीचं मालवाहू जहाज. १९४१ च्या जूनमध्ये ते ग्लासगोहून निघालं. भूमध्य समुद्रात जर्मन आणि इटालियन विमानांचा धोका, म्हणून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून ते तांबड्या समुद्रात आलं आणि सुएझ कालव्यात शिरायचा नंबर येईपर्यंत सिनाईच्या दक्षिण टोकाजवळ, शाब अली इथं नांगर टाकून थांबलं. पोटात ट्रक, मोटरसायकली, रायफली, रबरी बूट आणि दारूगोळा. डेकवर वाफेची दोन रेल्वे इंजिनं. बहुतेक माल उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या सैन्यासाठी. त्याच आघाडीवर चौथी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्या ११ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची बटालियन. साताऱ्या-रत्नागिरीकडची पोरं ज्या वाळवंटात लढत होती, तिकडेच हे सामान निघालं होतं.

६ ऑक्टोबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर जर्मन हाइंकेल विमानांनी बॉम्ब टाकले. मागच्या बाजूच्या कोठारातला दारूगोळा पेटला आणि जहाज दुभंगलं. नऊ माणसं गेली. १९५० च्या दशकात फ्रेंच समुद्रसंशोधक जाक-इव कुस्तो यांनी ते शोधून काढलं. आज जगभरचे पाणबुडे तिथं उतरतात. तळ साधारण ३० मीटरवर आहे.

[दृश्य: वहीत पेन्सिलनं केलेली आकडेमोड.]

पहिला प्रश्न मापाचा. १:३५ या मापात अख्खं जहाज ३.६ मीटर लांब होईल आणि ३० मीटर पाणी ८६ सेंटिमीटर उंच. पाणी म्हणून आपण रेझिन ओतणार, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारी इपॉक्सी. तेवढं रेझिन ओतणं घरात शक्य नाही. उलट १:३५० घेतलं, तर जहाज ३६ सेंटिमीटरचं आणि पाणी साडेआठ सेंटिमीटरचं. हे सहज जमतं. पण मग मोटरसायकल सहा मिलिमीटरची होते. मला गाडी बघायची आहे, हँडलवर बसलेला गाळ बघायचा आहे. म्हणून मी १:३५ धरलं आणि जहाजाचा फक्त एक तुकडा घेतला: पुढच्या कोठाराचा एक कोपरा. २४ सेंटिमीटर लांब, १६ खोल, १८ उंच. प्रत्यक्षातलं सव्वासहा मीटर उंचीचं पाणी. या ठोकळ्यात समुद्राचा पृष्ठभाग कुठेच नाही; लाट नाही, फेस नाही.

लाट नसेल तर बघणाऱ्याला पाणी कशावरून कळणार? रंगावरून. या कामाचं मर्म मला तिथंच दिसतं. रेझिन ओतायच्या कितीतरी आधी, ब्रशनं, पाणी तयार व्हायला लागतं.

[दृश्य: गंजाच्या रंगात रंगवलेल्या दोन पट्ट्या. एक नारिंगी-तांबडी, दुसरी राखाडी-निळसर.]

पाणी सूर्यप्रकाशातला लाल भाग सगळ्यात आधी शोषून घेतं. पहिल्या काही मीटरांतच लाल मावळायला लागतो. त्याच्यामागून नारिंगी जातो, मग पिवळा. पंचवीस-तीस मीटरवर उरतो तो निळा-हिरवा उजेड. तिथं गंजलेलं लोखंड तांबडं दिसत नाही. ते काळपट राखाडी दिसतं, कडांना थोडी हिरवी झाक. आपण गंज म्हटलं की हात आपोआप नारिंगी बाटलीकडे जातो. तो गंज पावसात भिजलेल्या गेटचा असतो. नारिंगी गंजावर निळं रेझिन ओतलं की जहाज समुद्रात बुडाल्यासारखं दिसत नाही, निळ्या काचेत ठेवल्यासारखं दिसतं.

पण पाणबुड्याच्या हातात टॉर्च असते. टॉर्चचा उजेड दोन-तीन मीटरच पाणी ओलांडतो, तेवढ्यात त्यातला लाल मरत नाही. म्हणून टॉर्च जिथं पडते तिथं सगळे रंग परत येतात. करड्या अंधारात एकदम तांबडा गंज उजळतो, पितळेचा तुकडा पिवळा होतो, लोखंडावर वाढलेला स्पंज शेंदरी दिसतो.

यासाठी एकाच मोटरसायकलला दोन रंगसंगती द्यायच्या. टॉर्चच्या झोतात येणारा अर्धा भाग तांबडा, नारिंगी, तपकिरी. उरलेला अर्धा राखाडी-निळा. मधली सीमा एअरब्रशनं, म्हणजे रंगाच्या बारीक फवाऱ्यानं, विरघळवायची. हे करताना गाडी टेबलावर फार विचित्र दिसते आणि अगदी शेवटपर्यंत तशीच दिसत राहते. धीर धरायचा.

[दृश्य: भिंगाखाली पाणबुड्याची मूर्ती, हातात बारीक तार.]

टॉर्चमध्ये ०४०२ मापाचा एलईडी आहे. एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. त्याच्या तांब्याच्या इनॅमल तारा मूर्तीच्या बाहीतून, पायातून खाली तळपाटात जातात. रेझिस्टर आणि बॅटरी ठोकळ्याच्या बाहेर. एलईडी ओतण्याआधी एक रात्र सलग चालू ठेवून बघायचा, कारण रेझिन घट्ट झाल्यावर आत हात घालता येत नाही.

आता कोठार. तीन भिंती बंद, समोरची बाजू उघडी. बाजूची भिंतही उघडी ठेवावी असा मोह होतो. पण ठोकळ्याच्या कोपऱ्यावरून पाहिलं की दोन्ही बाजूंतून तीच गाडी वेगवेगळी दिसते, एकीच्या दोन होतात. रेझिन प्रकाशाला पाण्यापेक्षा जास्त वाकवतं. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, इपॉक्सीचा साधारण १.५५. त्यामुळे समोरून पाहताना १६ सेंटिमीटर खोली जेमतेम १० वाटते. मागचा ट्रक म्हणूनच मापापेक्षा जास्त मागे सरकवावा लागतो. मोजपट्टीनं बरोबर ठेवला तर तो पुढच्या ट्रकला चिकटल्यासारखा दिसेल.

तळाशी चाळलेली बारीक वाळू, तिच्यावर पेस्टलची भुकटी. ट्रकची लाकडी फळी, प्लास्टर, वाळू या सगळ्यांच्या आत हवा असते. रेझिन तापलं की ती हवा फुगते आणि बुडबुड्यांची रांग वर निघते. त्यामुळे पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन हात, आणि मग काही दिवस खणखणीत सुकू द्यायचं. ओल राहिली तर रेझिन तिथं दुधाळ होतं.

[दृश्य: अ‍ॅक्रिलिकचा साचा, आतून पॅकिंग टेप लावलेली. कडांना सिलिकॉन.]

इपॉक्सी जवळपास सगळ्याला चिकटते, पॉलिप्रोपिलीनला मात्र नाही. आपली साधी पॅकिंग टेप त्याचीच असते. साच्याच्या उघड्या बाजूला ती आतून लावली की ठोकळा सुटून येतो. कडा सिलिकॉननं बंद करून आधी पाणी भरून रात्रभर ठेवायचं. पाणी गळलं नाही, तर साचा पुसून, पूर्ण सुकवून घ्यायचा.

[दृश्य: वजनकाटा, दोन बाटल्या, हातात निळे नायट्राइल हातमोजे, तोंडावर रेस्पिरेटर.]

हातमोजे आणि मास्क हवेतच. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की पुन्हा जात नाही, आणि हा छंद तिथंच संपतो.

अ‍ॅराल्डाइट वापरलेल्या कुणालाही हे रसायन ओळखीचं आहे: रेझिन आणि हार्डनर. बाटलीवर २:१ लिहिलेलं असेल तर ते मापानं की वजनानं, हे नीट वाचा. हार्डनर सहसा रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे मापाचं प्रमाण वजनकाट्यावर चालत नाही. सावकाश ढवळायचं, कडा आणि तळ खरवडत. मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळायचं. पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेलं कच्चं मिश्रण ठोकळ्यात गेलं, तर तिथं कायमचा चिकट डाग राहतो.

सगळं एकदम ओतता येत नाही. ही अभिक्रिया उष्णता सोडते, आणि उष्णतेनं ती आणखी वेगानं होते. इपॉक्सी उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे मोठ्या साठ्याच्या पोटात तापमान १०० अंशांपलीकडेही जाऊ शकतं. रेझिन पिवळं पडतं, तडकतं, धुरावतं. आपली मोटरसायकल पॉलिस्टायरीनची आहे. ती ८०-९० अंशांच्या पुढे मऊ पडते. म्हणून जाड थरांसाठी बनवलेलं, सावकाश घट्ट होणारं रेझिन घेऊनही मी एका वेळी दोन सेंटिमीटरच ओततो. एक थर म्हणजे पाऊण लिटर.

[दृश्य: टूथपिकच्या टोकावर निळ्या रंगाचा ठिपका. तो कपात विरघळतो.]

रंग टूथपिकच्या टोकानं. तळाच्या थरात निळा आणि त्याच्या निम्मा हिरवा, वर जाताना दोन्ही कमी कमी. कपात फिका वाटणारा रंग १६ सेंटिमीटर जाडीत गडद होतो, तेव्हा कपात जवळजवळ दिसूच नये इतकाच. आणखी एक गोष्ट: टॉर्चचा झोत पाण्यात दिसतो तो पाण्यातल्या कणांमुळे. शुद्ध रेझिनमध्ये झोत दिसत नाही, फक्त उजळलेली गाडी दिसते. म्हणून मूर्तीच्या हाताच्या उंचीच्या थरात पांढऱ्या रंगाचा सुईच्या टोकाएवढा अंश. त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाश जोरात विखुरतं. जरा जास्त झालं की दूध.

एक थर घट्ट होत आला पण बोटाला अजून चिकटतोय, अशा वेळी पुढचा ओतला तर दोन्ही एकजीव होतात. ती वेळ निघून गेली असेल तर वॉटर पेपरनं हलकं घासून ओतायचं. ओरखडे नव्या रेझिनमध्ये भरून नाहीसे होतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीच्या दमट हवेत, वरच्या थरावर तेलकट पांढुरकी साय धरते. ती कोमट साबणाच्या पाण्यानं धुतल्याशिवाय पुढचा थर नको.

[दृश्य: चिमट्यात चकचकीत बारीक मणी.]

पाणबुड्याच्या श्वासाचे बुडबुडे. काचेचे मणी इथं निरुपयोगी आहेत. काच आणि इपॉक्सी प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात, त्यामुळे काचेचा मणी आत गेला की दिसेनासा होतो. मण्यांना क्रोम रंग द्यावा लागतो. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणून वर जाताना बुडबुडे मोठे होत जातात. पण आपला ठोकळा म्हणजे सहा मीटरांचीच चकती. तेवढ्यात आकारमान सुमारे पाचव्या हिश्शानंच वाढतं. वरचे मणी खूप मोठे घेतले तर ते पाणी खोलवरचं वाटणार नाही.

हे बुडबुडे जाऊन अडतात कोठाराच्या छताला. थिसलगॉर्मचं हे खरं दुखणं आहे. इतके पाणबुडे आत श्वास सोडतात की हवेचे थर डेकखाली साठतात आणि त्यातला ऑक्सिजन लोखंड आणखी लवकर खातो. ती हवा निघून जावी म्हणून २००७ मध्ये इजिप्तच्या हेप्का या संस्थेनं जहाजाच्या वरच्या भागात भोकं पाडली. खालून पाहिलं तर ही साठलेली हवा पाऱ्यासारखी चमकते. मला ती हवीच होती. डेकच्या खालच्या बाजूला पातळ पारदर्शक फिल्मचे तुकडे, फक्त कडांना चिकटवून, मध्ये हवा राहील असे लावले. शेवटच्या थरावर डेक टेकवला, आणि तिरक्या नजरेनं पाहिल्यावर तिथं चांदीचे चट्टे उमटले. आठवडेभर प्रत्येक थरातल्या ज्या हवेला हीट गनच्या गरम झोतानं हाकलत होतो, ती इथं कायमची ठेवली.

[दृश्य: ठोकळ्याची समोरची बाजू पाण्याखाली घासली जातेय. धूसर, मग हळूहळू स्वच्छ.]

४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ८००, १५००, २०००, ३०००. सगळं ओलं घासून, म्हणजे धूळ उडत नाही. शेवटी पॉलिश. उन्हात ठेवायचा नाही. अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळी पडते, आणि पिवळ्यात निळं मिसळलं की हिरवं डबकं.

[दृश्य: खोलीतला दिवा बंद. टॉर्च लागते. अर्धी मोटरसायकल तांबडी.]

आता पुढचं काम रेल्वे इंजिनाचं. स्फोटानं दोन्ही इंजिनं डेकवरून उडाली. ती जहाजाच्या दोन्ही बाजूंना वाळूत पडलेली आहेत. स्टॅनियर ८-एफ जातीची, टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, सुमारे १९ मीटर लांब. १:३५ मध्ये ते ५५ सेंटिमीटर होतं आणि ३५ किलोच्या आसपास रेझिन लागेल. त्यापेक्षा ब्रिटिश रेल्वे मॉडेलवाल्यांचं १:७६ माप घेतलं तर इंजिन २५ सेंटिमीटरमध्ये बसतं, आणि ते तयारही मिळतं. फक्त त्याचा काळाभोर रंग उतरवायचा. उघड्या वाळूवर उजेड कोठारापेक्षा जास्त असतो, आणि तिथं टॉर्चवाला पाणबुडा ठेवायचा नाही. एकच रंगसंगती, सगळी राखाडी-निळी. ते जास्त अवघड जाणार आहे.