सातबारा आजोबांचा, भांडण नातवांचं

(अंबाजोगाई येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आत येता येता तिघा-चौघांनी मला एकच विचारलं, "वकीलसाहेब, मृत्युपत्राला प्रोबेट करावं लागतं म्हणतात, खर्च किती येतो?" पुण्या-मुंबईच्या पोरांनी ही धास्ती घातलेली दिसते. ती आधी काढून टाकू. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे यावर कोर्टाने केलेलं शिक्कामोर्तब. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने हिंदूंच्या मृत्युपत्रांना त्याची सक्ती केली ती मुंबई आणि मद्रास हायकोर्टांच्या जुन्या मूळ हद्दीपुरती, म्हणजे साधारण त्या शहरांपुरती, आणि जुन्या बंगाल प्रांतापुरती. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. आणि 2025 च्या डिसेंबरमध्ये तर ती सक्तीच कायद्यातून काढून टाकली. बीड-लातूर-नांदेडच्या जमिनीचं मृत्युपत्र इथेच केलं असेल तर प्रोबेटवाचून त्याचं काही अडत नाही.

आपलं अडतं ते दुसरीकडे. आपल्याकडे माणूस जाऊन वीस वर्षं होतात, तरी सातबाऱ्यावर तोच शेती करत असतो. 2023 साली कुणबी नोंदी शोधायची लाट आली तेव्हा पेट्यांच्या तळातून खासरा पत्रकं, म्हणजे जुन्या जमीन नोंदी, निघाल्या, मोडी आणि उर्दूतले कागद निघाले, लोकांनी चार-चार पिढ्यांच्या वंशावळी लिहून काढल्या. त्याच घरात आजोबांच्या वारसांचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायची नोंद, मात्र झालेला नव्हता. शेवटी सरकारलाच 2025 च्या एप्रिलमध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर काढावी लागली.

काम तसं अवघड नाही. वारसाने तीन महिन्यांच्या आत कळवायचं, मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. अर्ज सरकारच्या ई-हक्क या ऑनलाइन सोयीवरून घरबसल्याही करता येतो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, सहा-क च्या नोंदवहीत वारस चढवतात, फेरफार लागतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. मग लोक करत का नाहीत? तलाठी भेटत नाही, सर्व्हर चालत नाही, ही कारणं मीही ऐकतो. खरं कारण असं की त्या अर्जात बहिणींची नावं लिहावी लागतात.

बहिणींचं एकदा स्पष्ट सांगतो. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच जन्मापासूनची हिस्सेदार आहे. त्या दिवशी बाप जिवंत हवा होता की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला मिटवला. जिवंत असण्याची अट नाही. त्याच निकालात आपल्याला झोंबणारी आणखी एक गोष्ट आहे. "आमची वाटणी आधीच तोंडी झाली होती" हे म्हणणं कोर्ट आता सहजासहजी ऐकत नाही. आणि आपल्या गावात तर सगळ्या वाटण्या तोंडीच! बांधावर उभं राहायचं, चार माणसं बोलवायची, धुरे घालायचे, झालं.

बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तिने राजीखुशीने सोडावा, रीतसर नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. मुद्रांक पाचशेचा. पण बाप जिवंत असताना त्याने स्वतः घेतलेल्या जमिनीवरचा हक्क मुलीकडून लिहून घेतात, त्याला काही अर्थ नाही. जो हक्क अजून आलाच नाही तो ती सोडणार कशी? आणि कृपा करून दहाव्याला आलेल्या बहिणीपुढे कागद ठेवू नका. कायद्याचं सोडा, ते बरं दिसत नाही.

आता ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ते सांगतो. ती म्हणजे आई. एक घर आहे, नाव-गाव नको. चाळिशीतला शेतकरी अचानक गेला. स्वतः घेतलेली सहा एकर, मृत्युपत्र नाही. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि म्हातारी आई. हिंदू वारसा कायद्यात हे चौघं पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे दीड-दीड एकर. बाप जिवंत असता तरी तो या वर्गात आला नसता, आई येते. इथवर कुणाची तक्रार नाही. सासू सुनेपाशीच राहते, जमीन एकत्रच कसली जाते, सोयाबीन एकाच नावाने मोंढ्यावर जातं.

पाच-सहा वर्षांनी म्हातारी गेली. तिच्या दीड एकराचे, म्हणजे साठ गुंठ्यांचे, वारस कोण? तिचा नवरा आधीच गेलेला. म्हणजे तिची मुलं : धाकटा मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि गेलेल्या मुलाची लेकरं मिळून एक वाटा. वीस-वीस गुंठे. सुनेला यातलं काहीच नाही. जी जमीन नवऱ्याने घाम गाळून घेतली तिच्यात दीर अर्ध्या एकराचा आणि नणंद अर्ध्या एकराची धनीण. आणि दिराला तो अर्धा एकर नेमका विहिरीकडचा हवा असतो! यात दीर वाईट असतो असं नाही, कायद्याने त्याला दिलेलं तो मागतो. पण तीन वर्षं तारखा करून ती बाई मला म्हणाली, "एवढंच होतं तर त्यांनी एक कागद लिहून ठेवायचा की." तो कागद सत्तरीत लिहायचा नसतो, पस्तिशीतच लिहायचा. आणि त्या सासूनेही आपल्या वाट्याचा लिहायला हवा होता.

कागद कसा? साधा. मुद्रांक लागत नाही, "शंभराच्या बाँडवर केलंय" याला काडीचं महत्त्व नाही. नोटरीच्या शिक्क्यालाही नाही. महत्त्व दोन साक्षीदारांना. तुम्ही सही किंवा अंगठा केल्याचं दोघांनी पाहिलेलं हवं, नाहीतर तुम्ही तसं त्यांना स्वतः सांगितलेलं हवं, आणि दोघांनी तुमच्यासमोर सही करायला हवी. पुढे वाद झाला तर त्यातला निदान एक जण कोर्टात येऊन तसं सांगणारा लागतो. आपण साक्षीला कोण घेतो? आपल्याच वयाचा दोस्त, पेन्शनर गुरुजी. ते आपल्याआधीच जातात, मग त्यांच्या सह्या ओळखणारा माणूस शोधत फिरा. साक्षीदार आपल्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान घ्या, आणि ज्याला काही मिळणार आहे तो घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून टाका. एखाद्या मुलाला कमी देत असाल तर का देताय ते दोन ओळींत लिहा. कारण न लिहिलेलं मृत्युपत्र कोर्टात फार छळतं.

वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःचा हिस्साच मृत्युपत्राने देता येतो, पूर्ण सातबारा नाही. आपल्याकडे मुस्लिम बांधवही पुष्कळ आहेत. त्यांना साधारणपणे एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही, आणि एखाद्या वारसालाच द्यायचं तर बाकीच्यांची संमती लागते.

बँकेचं थोडक्यात. नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा असतो, मालक वारसच. पुतण्याचं नाव लावून ठेवलंय आणि बायको निर्धास्त आहे, असं असेल तर आज घरी जाऊन पासबुक काढा.

मृत्युपत्र ठेवायचं कुठे, हे शेवटी कुणीतरी विचारतंच. जिल्हा निबंधकाकडे ते बंद लखोट्यात ठेवायची सोय आहे, फार कमी लोकांना माहीत असते. घरी ठेवलंत तर कुठे ठेवलंय ते बायकोला सांगा, नुसतं मोठ्या मुलाला नको. आता प्रश्न विचारा. फक्त बांध कोरल्याचे नकोत, त्याला आणखी एक दिवस काढावा लागेल.